काचेवरचा पाऊस आणि मेरी अँडरसन

पाऊस पडू लागताच आपोआप सुरू होणारा वायपर आता केवळ परदेशी आलिशान मोटारींपुरता उरलेला नाही. मोटार विकणारा या सोयीचे कौतुक भरभरून सांगतो आणि मोटार घेणारा पहिल्याच पावसाळ्यात तिला वैतागतो. झिमझिम पावसाने काच भरून येऊन समोरचे दिसेनासे झाले तरी वायपर ढिम्म हलत नाही. उलट उड्डाणपुलाखालून जाताना वरून गळलेले दोन टपोरे थेंब नेमके त्याच्या जागी पडले, की तो पिसाटल्यासारखा फिरू लागतो. कधी कोरड्या धुळीवरच कर्रकर्र वाजत फिरतो. अखेर चालक कंटाळून हात पुढे करतो आणि सुकाणूजवळची दांडी स्वतःच ओढतो.

काच केव्हा पुसायची हे चालकाने ठरवावे, आणि तेही आसन न सोडता, ही कल्पना आज इतकी साधी वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल हे ध्यानातही येत नाही. ती सुचली, कागदावर उतरली आणि तिचे पेटंटही झाले ते १९०३ साली. पेटंट मिळवणाऱ्या मेरी अँडरसन ना अभियंता होत्या, ना मोटारीच्या मालक. दक्षिण अमेरिकी संस्थानांतील एका शहरात भाड्याच्या सदनिकांची इमारत सांभाळणाऱ्या त्या एक अविवाहित गृहस्थ स्त्री होत्या.

मेरी अँडरसन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अलाबामा राज्यातील ग्रीन परगण्यात, बर्टन हिल या मळ्यावर झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष लोटत होते. गुलामांच्या श्रमावर उभी असलेली दक्षिणेतील शेतीची घडी पार विस्कटली होती. मेरी चार वर्षांच्या असताना वडील वारले. आई रिबेका आणि बहीण फॅनी यांच्यासह त्या मळ्याच्या उत्पन्नावर वाढल्या. १८८९ साली या तिघींनी मळा सोडून बर्मिंगहॅम गाठले. हे अलाबामातले बर्मिंगहॅम १८७१ साली वसलेले. लोखंड आणि कोळशाच्या बळावर भराभर फुगणाऱ्या या शहरात घरांना मागणी होती. अँडरसन मायलेकींनी हायलँड अॅव्हेन्यूवर फेअरमाँट नावाची सदनिकांची इमारत बांधली आणि कुटुंबाचा चरितार्थ भाड्यावर चालू लागला.

बांधकाम, भाडेकरू, दुरुस्त्या, वसुली हे सारे व्यवहार त्या काळी पुरुषांचे मानले जात. अँडरसनबाईंनी ते केले, आणि एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. १८९३ मध्ये त्या एकट्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे गेल्या आणि तिथे पाच वर्षे गुरांचे कुरण व द्राक्षमळा चालवला. १८९८ मध्ये आजारी मावशीच्या देखभालीसाठी त्या बर्मिंगहॅमला परतल्या. ही मावशी फेअरमाँटमध्ये राहायला येताना अनेक अवजड पेट्या घेऊन आली होती. तिच्या निधनानंतर त्या उघडल्या, तर आत सोने आणि दागिने निघाले, असे सांगतात. पुढे वायपरने एक पैसाही न देता बाईंचे आयुष्य सुखवस्तूपणात गेले, ते या पेट्यांच्या आणि घरभाड्याच्या जोरावर.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात अँडरसनबाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्राममधून शहर पाहत असताना हिमवर्षाव सुरू झाला. समोरच्या काचेवर ओला बर्फ साचू लागला आणि ट्रामचालकाला पुढचे दिसेना. तो कधी काचेची झडप उघडी ठेवून बोचरा वारा आणि बर्फ अंगावर घेई, कधी बाहेर हात काढून काच पुसे. गाडी रखडत होती आणि आतले प्रवासी कुडकुडत होते. ही हकिकत आजवर अनेकांनी अनेक तऱ्हांनी रंगवली आहे, पण तिचा गाभा एवढाच. रोज त्या ट्राममधून जाणाऱ्या हजारो न्यूयॉर्ककरांना ही अडचण म्हणजे हिवाळ्याचाच एक भाग वाटत असणार. अलाबामाच्या उबदार हवेतून आलेल्या बाईंना मात्र ती खटकली. परक्या नजरेचा हा फायदा पुष्कळ शोधांच्या मुळाशी दिसतो.

बर्मिंगहॅमला परतल्यावर त्यांनी एका जाणकाराकडून आराखडा काढून घेतला आणि गावातल्याच एका कारखान्यात नमुना बनवून घेतला. १८ जून १९०३ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. डेट्रॉईटला हेन्री फोर्ड यांच्या मोटार कंपनीची रीतसर नोंदणी झाली ती त्याच्या अवघ्या दोन दिवस आधी. १० नोव्हेंबर १९०३ रोजी अँडरसनबाईंना ७४३८०१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. विजेच्या गाड्या आणि इतर वाहने यांच्या खिडकीवरील बर्फ व ओलावा दूर करणारे साधन, असे त्याचे स्वरूप होते. यातील विजेच्या गाड्या म्हणजे अर्थातच ट्रामगाड्या.

त्या साधनाची रचना आजही पाहण्यासारखी आहे. चालकाच्या हाताशी एक दांडा. तो फिरवला, की काचेबाहेर बसवलेला दुसरा दांडा काचेवरून मागेपुढे फिरे. या बाहेरच्या दांड्याला रबराची पट्टी होती. पट्टी काचेला नीट चिकटून राहावी म्हणून स्प्रिंगचा ताण आणि समतोलासाठी वजन यांची योजना होती. हिवाळा सरला, की सारे साधन काढून ठेवता येई, म्हणजे एरवी गाडीच्या शोभेला बाध नको. दांडा, पट्टी आणि पट्टीवरचा दाब ही त्रयी पुढे शंभर वर्षांत फारशी बदलली नाही. बदलत गेला तो दांडा फिरवणारा हात.

काच पुसण्याच्या खटपटीत त्या वर्षी त्या एकट्या नव्हत्या. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर इतरांनीही अशी पेटंटे नोंदवली होती. तथापि साधेपणा आणि प्रत्यक्ष उपयोग या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे म्हणून अँडरसनबाईंच्या साधनाचे नाव मागे उरले.

खरी परीक्षा पेटंटनंतर सुरू झाली. १९०५ साली त्यांनी मॉन्ट्रियल येथील डिनिंग अँड एकेनस्टाईन या कॅनेडियन पेढीकडे हक्कांच्या विक्रीसाठी विचारणा केली. वस्तूला विक्रीचा खटाटोप करण्याइतके व्यापारी मूल्य दिसत नाही, असा पेढीचा अभिप्राय आला आणि कागदपत्रे परत आली. या नकाराची आज पुष्कळ टवाळी होते. बाई असल्यामुळेच त्यांना डावलले, असेही म्हटले जाते. ते अगदीच निराधार नाही, कारण मतदानाचाही हक्क नसलेल्या, कारखानदारीच्या वर्तुळात ओळखपाळख नसलेल्या स्त्रीचा अर्ज पुरुषाच्या अर्जाइतक्या आस्थेने वाचला गेला असेल, असे मानणे कठीण आहे. पण पेढीच्या बाजूनेही काही सांगता येते. १९०५ मध्ये मोटार ही हौशी श्रीमंतांचीच वस्तू होती. अनेक मोटारींना समोर काचच नसे. फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध मॉडेल टी रस्त्यावर यायला अजून तीन वर्षे होती. बाजारच जन्माला आला नव्हता, तर व्यापारी मूल्य दिसणार कुठून?

आणखी एक आक्षेप त्या काळी घेतला जाई. डोळ्यांसमोर सतत काहीतरी हलत राहिले तर चालकाचे लक्ष विचलित होईल आणि अपघात घडतील, असे लोकांना वाटे. हा आक्षेप हास्यास्पद ठरला, कारण अँडरसनबाईंचा दांडा चालकाने फिरवल्याशिवाय फिरतच नव्हता. ज्याने स्वतः हालवले त्याला त्या हालचालीचा अडथळा वाटत नाही. गंमत अशी, की हाच आक्षेप शंभर वर्षांनी स्वयंचलित वायपरच्या बाबतीत थोडा खरा ठरावा. कारण नसताना अचानक समोरून सर्रकन जाणारा दांडा चालकाला खरोखरच दचकवतो.

अँडरसनबाईंनी पुन्हा विक्रीचा नेटाने प्रयत्न केल्याचे दिसत नाही. पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. ती १९२० साली संपली आणि कल्पना सर्वांना मोकळी झाली. योगायोग असा, की अमेरिकन स्त्रियांना मतदानाचा हक्क देशभर मिळाला तोही त्याच वर्षी. दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, कॅडिलॅक कंपनीने आपल्या मोटारींवर वायपर नेमाने बसवायला सुरुवात केली. बाजार तयार झाला तेव्हा पेटंटधारक बाईंच्या हाती कायद्याने काहीच उरले नव्हते.

दरम्यान हात सुटा करण्याची धडपड सुरू झाली होती. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड या दुसऱ्या एका बाईंनी विजेवर चालणाऱ्या, पट्टीऐवजी रुळांनी काच पुसणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्यांच्याही पदरात काही पडले नाही. पुढे इंजिनातील निर्वाताच्या ओढीवर चालणारे वायपर सर्रास आले. त्यांची खोड अशी, की चढ लागला आणि चालकाने इंजिनावर जोर दिला, की निर्वात घटे आणि वायपर मंदावे. म्हणजे नेमका भर पावसात, घाटात, तो धाप लागल्यासारखा थांबे. विजेच्या मोटरने ही खोड घालवली, पण वायपर एकसारखा फिरत राही. थोड्या पावसात तो काच कोरडी करून वर घासत बसे.

यावरचा उपाय डेट्रॉईटच्या रॉबर्ट कर्न्स यांचा. १९५३ साली, विवाहाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच लागून त्यांचा डावा डोळा जवळजवळ निकामी झाला होता. पापणी जशी थांबून थांबून मिटते तसा वायपर का फिरू नये, या विचारातून त्यांनी मधे मधे विश्रांती घेणारा वायपर बनवला आणि १९६७ मध्ये पेटंट मिळवले. मोठ्या कंपन्यांशी त्यांनी वर्षानुवर्षे खटले लढवले आणि काही जिंकलेही, पण त्यात संसार आणि मनःस्वास्थ्य दोन्ही गेले. अँडरसनबाईंनी हा मार्ग धरला नाही. शहाणपण कोणाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

१९७० मध्ये सिट्रोएन कंपनीच्या एसएम या मोटारीत वायपर स्वतःच ओलाव्याचा अंदाज घेऊ लागला. काच कोरडी असली की घर्षण वाढते, मोटरला वीज जास्त लागते, म्हणून पुढची फेरी उशिरा. काच ओली असली की याच्या उलट. आजची तऱ्हा निराळी आहे. आरशामागे काचेला आतून चिकटवलेली एक डबी काचेत तिरपा अवरक्त प्रकाश सोडते. काच कोरडी असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावरून पूर्णपणे परावर्तित होऊन परत येतो. थेंब असेल तिथे काही प्रकाश बाहेर निसटतो आणि परतणारा प्रकाश घटतो. तेवढ्यावरून पावसाचे मान ठरते.

सारी गोम इथेच आहे. ही डबी पाहते ती काचेची जेमतेम बोटभर जागा. चालक पाहतो ती अख्खी काच आणि त्यापलीकडचा रस्ता. त्या बोटभर जागेवर चिखलाचा शिंतोडा, चिरडलेला किडा, मेणाचा थर किंवा दगडाचा टवका असला, की डबीच्या लेखी तो पाऊसच. वायपरची पट्टी झिजली असेल तर ती मागे ओलसर पट्टा सोडते. त्या पट्ट्याला डबी पाऊस समजते आणि पुन्हा वायपर फिरवते. काच बदलताना डबी नीट चिकटवली नाही आणि मधे हवेचा बुडबुडा राहिला, तरी हाच घोळ. मोटार धुताना ही सोय बंद करायची विसरली, तर वायपर ब्रशांत अडकून मोडतो. थंड देशांत पट्टी काचेला गोठून चिकटलेली असताना तो आपणहून ओढ घेतो आणि रबर फाटते. काही नव्या विजेच्या मोटारींत डबीऐवजी कॅमेऱ्याच्या चित्रावरून पाऊस ओळखतात, पण तक्रारी तिथेही आहेत. म्हणूनच बहुतेक मोटारींत संवेदनक्षमता कमीजास्त करण्याची सोय असते आणि हाताने वायपर फिरवण्याची सोय तर हटकून ठेवलेली असते.

या साऱ्या उलाढालीपासून अँडरसनबाई दूरच राहिल्या. फेअरमाँटची व्यवस्था त्या अखेरपर्यंत पाहत होत्या. साउथ हायलँड प्रेस्बिटेरियन चर्चच्या त्या सर्वांत वयोवृद्ध सभासद होत्या. उन्हाळ्यात त्या टेनेसीतील माँटईगल येथील आपल्या घरी जात. तिथेच २७ जून १९५३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बर्मिंगहॅमच्या एल्मवुड स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. तोवर वायपर नसलेली मोटार पाहायला मिळणे दुर्मीळ झाले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचे नाव २०११ साली दाखल झाले, तेव्हा त्यांना जाऊन ५८ वर्षे झाली होती.