लोहारपुत्र मायकेल फॅरडे

मायकेल फॅरडे हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर तारेचे वेटोळे, लोहचुंबक आणि विजेचा दिवा येतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाने आपल्याला त्यांची ओळख विद्युतशास्त्रज्ञ म्हणूनच करून दिलेली असते. परंतु तारुण्यातील जवळजवळ पाच वर्षे या थोर पुरुषाने चाकू-वस्तऱ्यांच्या पोलादापायी खर्च केली, आणि त्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आपल्या दख्खनचे पोलाद होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. भट्टी आणि मूस यांचे माझे ज्ञान बेताचेच. तरीही त्यांच्या चरित्राचा हा भाग वाचताना मला वारंवार आमच्याच विषयाची, म्हणजे जमाखर्चाची आठवण होत होती. ती का, हे लेखाच्या शेवटी सांगेन.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स फॅरडे हे लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे, त्यामुळे घणाचे काम रोज होत नसे आणि काम नाही त्या दिवशी मिळकतही नसे. १८०१ साली धान्य फार महागले, तेव्हा या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव येई आणि तोच त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड एवढेच शिकला. गणित पुढेही कधी त्याच्या हाती आले नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, तेथेच पुस्तकबांधणीचे काम शिकू लागला. ही उमेदवारी सात वर्षांची होती. इतर मुले पुस्तके बांधीत, मायकेल बांधता बांधता ती वाचीत असे. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि मार्सेट बाईंचे रसायनशास्त्रावरील सोपे पुस्तक त्याला असेच भेटले. वाचलेले खरे की खोटे हे पाहण्यासाठी तो पदरचे चार पैसे खर्चून छोटे छोटे प्रयोग करी. शहरात विज्ञानावर व्याख्याने होत, पण प्रवेशाला एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्याच्या थोरल्या भावाने, रॉबर्टने, दिला. रॉबर्टही लोहारच होता. जगाला फॅरडे मिळाला त्यात ऐरणीवर कमावलेल्या या शिलिंगाचाही वाटा आहे.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती व्याख्याने ऐकली, सविस्तर उतरवून काढली, त्यांना आकृत्या जोडल्या, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि नोकरीच्या अर्जासोबत ते डेव्हींकडे पाठवून दिले. १ मार्च १८१३ रोजी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला वरच्या मजल्यावर खोल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस डेव्हींबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. या दौऱ्यात डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. अपमान गिळून तो शिकत राहिला आणि १८१५ मध्ये लंडनला परतला, तेव्हा तो पुरता रसायनशास्त्रज्ञ होऊनच आला.

आता पोलादाकडे वळू. स्वयंपाकघरातली विळी किंवा सुरी घ्या. तिच्या पात्याकडून आपल्या दोन अपेक्षा असतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. पाते कठीण असेल तर धार टिकते, पण ते हातातून फरशीवर पडले की टवका उडतो. मऊ असेल तर ते मोडत नाही, पण चार दिवसांत टोमॅटो कापण्याऐवजी चेंगरू लागते. लोहार पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवतो, म्हणजे त्याला पाणी देतो, तेव्हा ते कठीण होते आणि ठिसूळही होते. मग मंद आचेवर पुन्हा शेकून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा हा मेळ ज्याला साधला, त्याची सुरी चांगली.

हा मेळ दख्खनच्या पोलादात फार जुन्या काळापासून साधलेला होता. इंग्रजांनी या पोलादाला वूट्झ असे नाव दिले. हा शब्द कन्नड भाषेतील उक्कु या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. उक्कु म्हणजे पोलाद. दूध उतू जाते त्या क्रियेलाही कन्नडमध्ये उक्कु असेच म्हणतात, हे आपल्या मासिकाच्या पलीकडच्या विभागातील वाचकांना सांगायला नको! मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला घालायचा, तोंड मातीने लिंपायचे, तासन् तास भट्टीत ठेवायचे आणि सावकाश निवू द्यायचे, अशी ती रीत होती. आज तेलंगणात असलेले निजामाबादकडील कोनासमुद्रम हे गाव या पोलादाचे मोठे केंद्र होते. त्या काळी ते गाव आणि आपले कल्याणी ही दोन्ही एकाच निजामी मुलखात होती. इराणचे व्यापारी खुद्द तेथे येऊन पोलादाच्या वड्या नेत. त्यांपासून घडलेल्या तलवारी जगभर दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध झाल्या. कच्चा माल आमचा आणि नाव बाजारपेठेचे, हा व्यापारातला जुनाच अनुभव आहे.

१७९४ साली मुंबईतील कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. दिसायला त्या भाकरीसारख्या गोल, पण जाड वड्या होत्या. पुढच्या वर्षी पिअरसन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांवर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या नामांकित कातरी-चाकू बनवणाऱ्या कारागिराने त्यातून एक लहान चाकू घडवून पाहिला. वडी घडवायला अतिशय चिवट होती, पण एकदा पाते तयार झाल्यावर त्याची धार इंग्रजी पोलादाला मागे टाकणारी निघाली. तेव्हापासून स्टोडार्टच्या मनाने घेतले की हे पोलाद आपल्याकडे बनले पाहिजे.

१८१८ च्या सुमारास हा अनुभवी कारागीर आणि सत्तावीस वर्षांचा फॅरडे एकत्र आले. लोहाराचा मुलगा पुन्हा भट्टीसमोर उभा राहिला, फक्त आता त्याच्या हाती तराजू आणि वहीही होती. आधी फॅरडेंनी वूट्झचे पृथक्करण केले. त्यात त्यांना अॅल्युमिनियमचा अंश आढळला आणि १८१९ मध्ये त्यांनी असे प्रसिद्ध केले की या पोलादाचे रहस्य अॅल्युमिनियममध्ये आहे. हा निष्कर्ष चुकीचा होता. परंतु त्या चुकीतून एक मोठा प्रश्न निघाला. लोखंडात दुसरा धातू मिसळल्याने जर गुण येत असेल, तर मग इतर धातू मिसळून काय होते ते का पाहू नये?

आणि त्यांनी ते पाहिले. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भाता जोडलेली खास भट्टी उभारली. निकेल, प्लॅटिनम, चांदी, क्रोमियम, इरिडियम, रोडियम असे एकेक धातू वेगवेगळ्या प्रमाणांत पोलादात मिसळले, घडवले, पाणी देऊन त्यांची धार तपासली. चांदी जास्त घातली तर पोलाद निवताना ती मण्यांसारखी बाहेर येई. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी हे प्रमाण मात्र उत्तम जमले. सर्वांत सरस ठरले ते रोडियमचे पोलाद. त्याचे वस्तरे करून फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. या प्रयोगांवरील दोघांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शेफील्डला मोठ्या प्रमाणावर पोलाद ओतूनही पाहिले गेले.

पण येथे वाणिज्याचा नियम आडवा आला. रोडियम हा धातू वोलास्टन यांनी १८०४ मध्येच शोधून काढलेला. तो इतका दुर्मिळ की प्रयोगासाठीही तो वोलास्टन यांच्याकडूनच मिळवावा लागला. अशा धातूचा चाकू कितीही चांगला असला तरी तो बाजारात कोण घेणार? वस्तू उत्तम असणे आणि ती परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि हे काम थांबले. पाच वर्षांच्या कष्टांचा ताळेबंद मांडला असता तर त्या दिवशी खाते तोट्यातच दिसले असते. दख्खनचे पोलाद काही लंडनमध्ये बनले नाही.

यापुढचे फॅरडे सर्वांना माहीत आहेत. १८२१ मध्येच त्यांनी विजेच्या साहाय्याने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली होती. १८२५ मध्ये त्यांनी बेन्झीन शोधले. १८३१ मध्ये चुंबकाच्या हालचालीने तारेत वीज निर्माण केली, आणि आजची वीजनिर्मिती बहुतांशी याच तत्त्वावर चालते. बाहेरची कामे करून ते वर्षाला हजार पौंडांवर कमावू लागले होते. परंतु संशोधनाला वेळ पुरेना, म्हणून ती कमाई त्यांनी सोडून दिली. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. मुलांसाठी नाताळची व्याख्याने मात्र आनंदाने दिली. गणित येत नसल्यामुळे त्यांनी सारे काही शब्दांत आणि आकृत्यांत मांडले. त्याला समीकरणांचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा एक गुण मात्र मला सर्वांत मोठा वाटतो. फॅरडे सगळे लिहून ठेवीत. जमले ते लिहीत आणि फसले तेही लिहीत. त्यांच्या प्रयोगवहीतील क्रमांक घातलेल्या नोंदी १६,०४१ पर्यंत जातात. पोलादाचे तुकडेही त्यांनी फेकून दिले नाहीत. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लाकडी पेटीत असे ७९ नमुने जपून ठेवलेले होते. विद्युत-शोधाच्या शताब्दीच्या वेळी, १९३१ च्या सुमारास, सर रॉबर्ट हॅडफील्ड या पोलादतज्ज्ञांनी ते तपासले, आणि त्यांत क्रोमियमचे पोलादही निघाले. त्यात क्रोमियमचे प्रमाण थोडेच होते. १९१३ मध्ये शेफील्डच्या ब्रिअर्ली यांनी ते बारा-तेरा टक्क्यांपर्यंत नेले आणि न गंजणारे पोलाद जगापुढे आले. आज आपल्या घरातल्या सुरीवर जे स्टेनलेस स्टील असे लिहिलेले असते, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. तोट्याचे वाटलेले खाते शंभर वर्षांनी असे जमेला आले. खाते लिहिलेले होते म्हणूनच ते जमेला आले!

याउलट आपल्या लोहारांचे काय झाले? फॅरडेंना जे साधले नाही ते त्यांना पिढ्यान् पिढ्या साधत होते. पण त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे हातातून हातात जात होती, आणि वही-लेखणी त्यांच्या हाती समाजाने कधी दिलीच नव्हती. कारखान्याचे स्वस्त पोलाद आले, भट्ट्या विझल्या आणि हात थांबले, त्याबरोबर विद्याही गेली. या पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन असतो आणि त्यातली नक्षी खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे उमटते, हे विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत वेर्होवेन हे प्राध्यापक आणि पेंड्रे हे लोहार यांनी बरोबरीने प्रयोग करून दाखवून दिले. म्हणजे आमच्याच घरची रीत आम्हाला पुन्हा सातासमुद्रापलीकडून शिकावी लागली. त्यातही प्राध्यापक आणि लोहार शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हाच ते साधले, फॅरडे आणि स्टोडार्ट उभे राहिले होते तसेच.

आपण बसवकल्याणचे विद्यार्थी. बाराव्या शतकात याच गावात बसवेश्वरांनी कायकाची शिकवण दिली आणि कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही हे सांगितले. अनुभव मंटपात हाताने काम करणारी माणसे बसली, बोलली, आणि त्यांची वचने लिहिली गेली म्हणून ती आजही आपल्याजवळ आहेत. पोलाद गाळणाऱ्याचे बोल मात्र कोणी टिपून घेतले नाहीत. आजही आपल्या आसपास लोहार, सुतार, कुंभार, विणकर आहेत, आणि त्यांच्या हातात अशी कितीतरी न लिहिलेली खाती आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना दोन भाषा लिहिता येतात. पाते पाजवून घ्यायला लोहाराकडे जाल तेव्हा सोबत एक वही घेऊन जा, आणि तो पाणी कसे देतो ते त्याला विचारून, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मराठीत लिहा, नाहीतर कन्नडमध्ये लिहा. लोहाराच्या त्या मुलाकडून आपल्यासारख्यांनी घ्यावा असा धडा मला तरी हाच दिसतो.