दवाखान्याच्या केसपेपरमधून कॅन्सरची कारणं शोधणारे डॉ. खानोलकर

परभणीच्या सरकारी दवाखान्यात जा नाहीतर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात, आधी केसपेपर निघतो. नाव, वय, गाव, कामधंदा. डॉक्टर तंबाखूचं विचारतात. आपण वैतागून उत्तरं देतो. पण याच कागदांमधून एका मराठी डॉक्टरने कॅन्सरची कारणं शोधली होती.

त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

१३ एप्रिल १८९५ ला क्वेट्टा इथं त्यांचा जन्म झाला. लंडनला शिकून ते पॅथॉलॉजिस्ट झाले आणि मुंबईत येऊन शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

टाटाला देशभरातून पेशंट यायचे. प्रत्येकाची भाषा वेगळी, खाणं वेगळं, सवयी वेगळ्या. खानोलकर नुसती गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघून थांबले नाहीत. ही गाठ कुणाला झाली, तो राहतो कसा, हेही त्यांनी नोंदींमध्ये शोधलं. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ आलेल्या १००० पेशंटचा आढावा प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सूर्याबाई या सहकारी संशोधकासोबत त्यांचा आणखी एक लेख आला. त्यात रोजच्या सवयींमुळे होणारे तीन कॅन्सर होते. खैनी ओठाआड धरणाऱ्यांना तिथेच होणारा. चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूला होणारा. आणि तिसरा कंबरेचा! वर्षानुवर्षं धोतर घट्ट कसल्याने कातडी घासत राहायची, तिथे होणारा. याला धोती कॅन्सर असं नाव पडलं.

याचा अर्थ साधा होता. जो कॅन्सर सवयीतून येतो, तो सवय बदलून टाळता येतो.

पण दवाखान्याच्या नोंदींची एक मर्यादा असते. जो दवाखान्यात पोचलाच नाही, तो मोजलाच जात नाही. गावात कॅन्सर कमी दिसतो, तेव्हा तो खरंच कमी आहे की तपासणीच होत नाही, हे कळत नाही. म्हणून एखाद्या भागातला प्रत्येक पेशंट मोजणारी कॅन्सर नोंदणी लागते. ती १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये झाली. ते बघायला खानोलकर नव्हते. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

१९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून आजही त्यांचं नाव घेतात.

तेव्हा पुढच्या वेळी केसपेपर काढताना तंबाखूचं विचारलं, तर लपवू नका. तुमच्या खोट्या उत्तराने उपचार तर चुकतातच, शिवाय गावाचा हिशोबही चुकतो.