सुरतचे हरिभाई: पिकल्या केसांचा नायक

सुरतच्या जरीवाला कुटुंबात ९ जुलै १९३८ रोजी जन्मलेले हरिहर म्हणजे आपले संजीवकुमार. रंगभूमीवर त्यांनी बाविशीतच म्हातारा रंगवला होता. १९७२ मध्ये तर कमालच! ‘परिचय’मध्ये जया भादुरींचे वडील, ‘कोशिश’मध्ये त्यांचेच पती.

पण मनात घर करतो तो १९७५ चा ‘आँधी’. हॉटेलचा मॅनेजर आणि राजकारणात गेलेली त्याची बायको. कित्येक वर्षांनी दोघं समोर येतात, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि लोकांची नजर चुकवून रात्री फिरायला जातात. कॉलेजातल्या पोरांसारखं! सुचित्रा सेन समोर, तरी नजर हरिभाईंवरून हलत नाही.

स्वतः त्यांनी लग्न केलंच नाही. ६ नोव्हेंबर १९८५ ला हृदयविकाराने गेले, वय अवघं ४७. म्हातारपण आलं ते मेकअपच्या खोलीतच. सुरतेत आज त्यांच्या नावाचं सभागृह आहे.