कापडवाल्याचे भिंग

आठवीत आपल्या प्रयोगशाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता. कांद्याचा पापुद्रा बघायला सगळा वर्ग रांगेत उभा राहिला आणि माझा नंबर येण्याआधीच घंटा झाली. (रांगेत पुढे घुसलेले दोघे हे वाचत असतीलच. माफ केले!) आज दंतवैद्य म्हणून दिवसभर डोळ्यांवर लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा असतो, तेव्हा सरांनी त्या तासाला सांगितलेले नाव आठवते : अँटनी व्हॅन लीवेनहूक.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी १६३२ साली एका टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील लवकर गेले. सोळाव्या वर्षी तो ॲमस्टरडॅमला कापडवाल्याकडे उमेदवारीला लागला आणि परतल्यावर गावात स्वतःचे दुकान थाटले. कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरत. नाद बहुधा तिथूनच लागला. विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नाही, लॅटिनचा गंध नाही. स्वतः घासलेले इवलेसे भिंग धातूच्या दोन पट्ट्यांत बसवून तो डोळ्याशी धरी. त्याच्या शिल्लक भिंगांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. माझा चष्मा अडीच पट!

१६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला दातांविषयी पत्र लिहिले. तो रोज मिठाने दात घासायचा, तरी दाढांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा थर राहायचा. तो पावसाच्या पाण्यात कालवून पाहिला, तर आत असंख्य जीव वळवळत होते. मग त्याने इतरांच्या तोंडातलेही नमुने घेतले. त्यांत जन्मात दात न घासलेला एक म्हातारा होता. तिथे तर जत्राच भरलेली. व्हिनेगरने चूळ भरूनही पाहिली. वरचे जीव मेले, थराच्या आतले जिवंत राहिले. नुसत्या माउथवॉशवर भागवणाऱ्या माझ्या पेशंटना मी हे आवर्जून सांगतो.

दाताला ‘कीड’ लागते असे आपण म्हणतो, तसाच समज तिकडेही होता. दातातून काढलेले म्हणून काही किडे १७०० साली त्याच्याकडे आले. त्याने ते चीजमधल्या अळ्यांशी ताडून पाहिले, तर दोन्ही एकच निघाले. पण खरी ‘कीड’ आपण सतरा वर्षांपूर्वीच पाहिली आहे, हे काही त्याला उमगले नाही. हे जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो, ही मांडणी विलोबी मिलरने बर्लिनमध्ये केली ती १८९० साली.

दिसणे आणि कळणे यांतले हे अंतर मला महागात शिकावे लागले. लूप्स नवे होते. एका मुलीच्या दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ ठळक दिसली आणि मी ड्रिल लावले. आत दात टणक, निरोगी. रेघ नुसत्या डागाची होती. चार महिन्यांनी पुन्हा बघतो, एवढे म्हणालो असतो तर पुरले असते. तिची दाढ आता जन्मभर भरलेली राहील. तिच्या आईला मी ते सांगितले, पण दुसऱ्या दिवशी.

लीवेनहूक एकच नमुना पुन्हा पुन्हा पाही. नव्वदी गाठल्यावरही, १७२३ साली मरण येईपर्यंत, स्वतःच्या आजाराचे बारकावे पत्रांतून कळवत होता. चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक त्याने रॉयल सोसायटीला ठेवले होते. ते पुढे हरवले.