शब्दकोड्याचा जनक : आर्थर विन

टेलिफोन म्हटलं की ग्रॅहम बेल, विजेचा दिवा म्हटलं की एडिसन. ही नावं आपण पाचवीपासून पाठ करत आलो आहोत. पण रोज सकाळी पेपर हातात आला की ज्या चौकोनावर आधी झडप घातली जाते, ते शब्दकोडं कोणी शोधलं असं विचारलं तर भलेभले गप्प बसतात. मित्रांनो, त्या माणसाचं नाव आर्थर विन. त्याची ही थोडक्यात ओळख.

आर्थर विनचा जन्म 22 जून 1871 रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात झाला. वडील तिथल्या वर्तमानपत्राचे संपादक होते, त्यामुळे शाई आणि कागद घरातच. पण मुलगा वडिलांच्या हाताखाली राहिला नाही. 1891 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो बोटीने अमेरिकेला निघून गेला. म्हणजे आपण ज्या वयात सेकंड इयरचे बॅकलॉग मोजत असतो त्या वयात! पिट्सबर्गमध्ये त्याने पेपरात नोकरी धरली आणि जोडीला तिथल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनही वाजवलं. पुढे तो न्यूयॉर्कला आला आणि 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या मोठ्या दैनिकात लागला. तिथे त्याच्याकडे रविवारच्या 'फन' नावाच्या पुरवणीचं काम होतं. कोडी, विनोद, चित्रं यांनी पानं भरायची. ऐकायला मजेचं वाटतं, पण दर आठवड्याला नवीन काहीतरी द्यायचं म्हणजे डोक्याला तापच.

1913 च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, विनला असंच नवीन काहीतरी हवं होतं. त्या काळात शब्दांचे चौरस मुलांच्या मासिकांत येत. त्यात आडवे आणि उभे शब्द सारखेच असतात. विनने विचार केला की आडवे आणि उभे शब्द वेगळे ठेवले तर? त्याने हिऱ्याच्या आकाराची चौकट आखली, मधला भाग रिकामा ठेवला, वरच्या तीन घरांत 'फन' हा शब्द स्वतःच भरून दिला आणि खाली शोधसूत्रे दिली. 21 डिसेंबर 1913, रविवार, या दिवशी जगातलं पहिलं शब्दकोडं छापून आलं. तेव्हा विन 42 वर्षांचा होता. त्याने नाव दिलं होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी कंपोझिटरकडून शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' छापलं गेलं. तेच नाव जगभर टिकलं.

हे पहिलं कोडं काही निर्दोष नव्हतं. 'डोव्ह' म्हणजे कबूतर हा एकच शब्द त्यात दोनदा उत्तर म्हणून येतो. एका ठिकाणी एका विशिष्ट ताडाच्या झाडाच्या तंतूचं नाव विचारलं होतं, जे न्यूयॉर्कच्या साध्या वाचकाला माहीत असण्याची सुतराम शक्यता नव्हती. तरीही लोकांनी ते सोडवलं. कसं काय? इथेच विनच्या डोक्याची कमाल आहे. आडव्या शब्दाचं उत्तर येत नसेल तर त्याला छेदणारे उभे शब्द सोडवा, अक्षरं आपोआप येऊन बसतात. म्हणजे मदत बाहेरून आणायची गरज नाही, ती चौकटीतच बसवलेली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना यात ओळखीचं काही दिसेल. क्लॉड शॅननने 1948 च्या आपल्या प्रसिद्ध पेपरमध्ये भाषेची रिडंडन्सी समजावताना चक्क शब्दकोड्याचा दाखला दिला आहे. भाषेत रिडंडन्सी फार असेल तर अक्षरं एकमेकांत बसतच नाहीत आणि मोठं कोडं तयार होत नाही. अजिबात नसेल तर अक्षरांची कुठलीही रांग शब्दच ठरते, मग कोड्याला अर्थ उरत नाही.

आपल्या मराठीत तर हे गणित आणखी अवघड आहे. इंग्रजीत एका घरात 26 पैकी एक अक्षर. मराठीत 'क' वेगळा, 'का' वेगळा, 'की' वेगळी आणि जोडाक्षरं आणखी वेगळी. 'स्वप्न' लिहायला दोनच घरं लागतात, पण त्यातल्या 'प्न' ला छेदणारा शब्द शोधताना कोडं रचणाऱ्याला घाम फुटतो. म्हणून मराठी कोड्यात साधे, ठसठशीत शब्द जास्त येतात, आणि ते शब्द घरातले, शेतातले असतात. मी इंग्लिश मीडियमची. तीन फणांचं पेरणीचं अवजार, तीन अक्षरी, असं शोधसूत्र आलं की माझी गाडी तिथेच अडते. माझी रूममेट चिखली तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. ती वर न बघता 'तिफण' सांगते. आणि ग्रीक वर्णमालेतलं तिसरं अक्षर विचारलं की ती माझ्याकडे बघते. 'गॅमा' मी भरते. दोघींचं मिळून एक कोडं पूर्ण होतं.

विनचंही असंच झालं. कोडं इतकं आवडलं की 1914 च्या फेब्रुवारीपासून वाचकांनी स्वतः रचलेली कोडी छापून यायला लागली. कोड्यांचे ढीग साचले. पण छपाईत चुका फार व्हायच्या. कुठे नंबर चुकायचा, कुठे शोधसूत्रच गायब असायचं. कंपोझिटर लोकांना त्या बारीक चौकटी जुळवण्याचा कंटाळा होता. पेपरच्या मालकांनाही हा पोरखेळ वाटत असावा, कारण विनने या कल्पनेचं पेटंट घ्या असं सुचवलं तेव्हा त्यासाठी खर्च करायला ते तयार झाले नाहीत. आज आपण आयपीआरवर सेमिनार ऐकतो, त्यात हे उदाहरण खरं तर द्यायला हवं.

1921 मध्ये 'वर्ल्ड'मध्ये मार्गारेट पेदरब्रिज नावाची तरुण मुलगी सेक्रेटरी म्हणून लागली. कोडी निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला ती दिसायला बरं असेल ते कोडं उचलून द्यायची. मग एकदा ती स्वतः सोडवायला बसली आणि वाचकांना काय सोसावं लागतं ते तिला कळलं. तेव्हापासून तिने प्रत्येक कोडं छापण्यापूर्वी तपासायला सुरुवात केली आणि नियम बसवले. चौकट सममित हवी, कुठलंही अक्षर एकटं लटकलेलं नको, दोन अक्षरी शब्द नकोत. कल्पना विनची, पण तिला शिस्त लावली मार्गारेटने.

एप्रिल 1924 मध्ये सायमन आणि शुस्टर या दोन तरुणांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिल फुकट. वर्षभरात त्याच्या लाखांवर प्रती गेल्या. डिक्शनऱ्यांचा खप वाढला. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने तर प्रवाशांसाठी गाडीत डिक्शनऱ्या ठेवल्या. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात याला वेळेची नासाडी ठरवलं. त्याच 'टाइम्स'ने 15 फेब्रुवारी 1942 पासून, ऐन युद्धात, स्वतःचं कोडं सुरू केलं आणि संपादक म्हणून मार्गारेटलाच बोलावलं. या सगळ्या वेडातून विनच्या हाती रॉयल्टीचा एक पैसाही आला नाही. तो 1920 च्या दशकात अमेरिकेचा नागरिक झाला होता. 14 जानेवारी 1945 रोजी फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर इथे त्याचं निधन झालं.

विनचं कोडं आपल्याकडे पोचलं तेव्हा त्याला पैशाचंही वळण लागलं. प्रवेश फी भरायची, उत्तर पाठवायचं आणि हजारोंचं बक्षीस जिंकायचं! सरकारने 1955 मध्ये कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांवरच्या बक्षीस स्पर्धा बंद केल्या. आर.एम.डी. चमारबागवाला यांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दाद मागितली. 9 एप्रिल 1957 रोजी निकाल लागला, तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मुंबई राज्यात होता. कोर्टाने फरक स्पष्ट केला. ज्यात बुद्धी लागते ती स्पर्धा, आणि ज्यात नशीब लागतं तो जुगार. त्या बक्षिसाच्या कोड्यांत एकाच जागी दोन-दोन शब्द चपखल बसत आणि बरोबर कोणता, ते आयोजकाच्या सीलबंद पाकिटात असे. तिथे डिक्शनरी, आजी, रूममेट, कोणाचीच मदत उपयोगी नव्हती. विनचं कोडं याच्या बरोबर उलट आहे. त्यात उत्तर लपवलेलं असतं, पण प्रामाणिकपणे, आणि तिथपर्यंत जायला वाट ठेवलेली असते.

म्हणून शब्दकोडं अडलं तर खुशाल विचारा, त्यात कमीपणा नाही. विनची चौकट लोकांनी एकमेकांना विचारत, सांगतच मोठी केली. फक्त पहिली दहा मिनिटं स्वतः झगडा आणि आधी उभे शब्द बघा. आणि घरी गेलात की पेपर घेऊन आजोबांशेजारी बसा. त्यांना येणारे निम्मे शब्द आपल्या डिक्शनरीत सापडायचे नाहीत. आज विचारले तर मिळतील.