इंजिनाला श्वास देणारा कारागीर : विल्हेल्म मायबाख

चुलीत वाळलेल्या सरपणाची सबंध मोळी घातली, तरी वारा मिळाल्यावाचून जाळ धरत नाही. म्हणून तर फुंकणीचा शोध लागला. मोटारीच्या इंजिनाचेही असेच आहे. मोटार पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ती पेट्रोल आणि हवा या दोहोंवर चालते, आणि त्यांत हवेचाच वाटा मोठा असतो. एक लिटर पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. एवढी हवा त्या लहानशा यंत्रात वेळच्या वेळी कशी न्यावी आणि तिच्यात पेट्रोल योग्य प्रमाणात कसे मिसळावे, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला, त्या विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रविशारदाचे हे चरित्र आहे.

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रोन या गावी एका सुताराच्या घरी झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे दोनच वर्षांनी, १८५६ साली, वडील पाण्यात बुडून मरण पावले. पाच भाऊ उघड्यावर पडले. स्नेह्यासोबत्यांनी त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातून मदतीची हाक दिली. रॉइटलिंगेन या गावी गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने अनाथांसाठी एक आश्रम चालविला होता. त्या आश्रमाने विल्हेल्मला आसरा दिला.

हा आश्रम केवळ अन्नवस्त्र देणारा नव्हता. त्याला जोडून एक यंत्रांचा कारखाना होता आणि मुलांनी हातांनी काम करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा तेथील शिरस्ता होता. विल्हेल्मचा हात चित्रकलेत चालतो हे वेर्नर यांच्या ध्यानात आले. पंधराव्या वर्षी त्यांनी त्याला यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर उमेदवार म्हणून बसविले. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी गावच्या शाळेत पदार्थविज्ञान, रेखाचित्र व गणित यांचे पाठ, असा त्याचा क्रम सुरू झाला.

१८६३ साल संपत आले असताना या कारखान्यावर गॉटलीब डायमलर नावाचे नवे व्यवस्थापक आले. वयाने ते मायबाखहून बारा वर्षांनी मोठे होते. या तरुणाची बुद्धी त्यांनी चटकन ओळखली. तेव्हापासून डायमलर जेथे जात, तेथे मायबाख यांना बरोबर नेत. पुढे डॉइट्झ येथील निकोलाउस ऑटो यांच्या इंजिनांच्या कारखान्यात डायमलर तांत्रिक संचालक झाले आणि मायबाख मुख्य आराखडाकार झाले. १८७६ साली ऑटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध झाले. ते कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडावे, इतके सुघड करण्यात मायबाख यांचा मोठा भाग होता.

हे चार टप्पे वाचकांनी नीट समजून घ्यावेत, म्हणजे पुढील कथा उलगडेल. दट्ट्या प्रथम खाली जातो आणि हवा व इंधन यांचे मिश्रण आत ओढून घेतो. वर येताना तो ते दाबतो. मग ठिणगीने किंवा तापलेल्या नळीने ते पेटते आणि दट्ट्याला जोराने खाली लोटते. शेवटी दट्ट्या वर येऊन धूर बाहेर टाकतो. इंजिनाला बळ मिळते ते तिसऱ्या टप्प्यात. परंतु ते किती मिळणार, हे पहिल्या टप्प्यातच ठरून गेलेले असते. आत श्वास जेवढा भरला, तेवढेच बळ बाहेर येणार.

ऑटो यांची इंजिने जड होती व मिनिटाला सुमारे १२० ते १८० फेरे घेत. ती कारखान्यात एका जागी बसविण्यासारखी होती. डायमलर व मायबाख यांना गाडीवर बसेल असे हलके व चपळ इंजिन हवे होते. १८८२ साली ते दोघे कानस्टाट येथे आले आणि डायमलर यांच्या घरामागील बागेत त्यांनी लहानशी कार्यशाळा थाटली. तेथे रात्रंदिवस इतके गुप्तपणे काम चाले, की माळ्याला ही माणसे खोटी नाणी पाडत असावीत असा संशय आला आणि त्याने पोलिसांना बोलाविले, असे सांगतात. पोलिसांना तेथे आढळली ती फक्त इंजिने आणि हत्यारे! याच कार्यशाळेत मिनिटाला ६०० फेरे घेणारे इंजिन तयार झाले. १८८५ साली त्यांनी ते लाकडी दुचाकीवर बसविले आणि पुढील वर्षी घोडागाडीवर. घोड्यावाचून गाडी धावू लागली.

इंजिन वेगाने फिरू लागताच त्याचा श्वास अपुरा पडू लागला. त्या काळी हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून किंवा त्यातून नेत आणि तिच्यात वाफ मिसळून घेत. ऊन, थंडी, गाडीचे धक्के यांमुळे हे मिश्रण सारखे बदलत राही. १८९० साली डायमलर यांच्या नावाची कंपनी निघाली, परंतु भांडवलदारांनी घातलेल्या अटी मायबाख यांना मान्य झाल्या नाहीत. १८९१ साली ते कंपनीबाहेर पडले. डायमलर यांनी आपल्या पदरच्या पैशाने त्यांना कानस्टाटमधील एका बंद पडलेल्या हॉटेलात जागा करून दिली. कंपनीच्या आश्रयावाचून, मूठभर कामगारांच्या साह्याने मायबाख यांनी तेथे जे काम केले, तेच त्यांच्या कीर्तीचा पाया ठरले. १८९३ साली त्यांनी तुषार उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला.

त्याची युक्ती साधी, पण सूक्ष्म आहे. वाटेतील एका बारीक तोटीजवळून हवा वेगाने जाते. त्या ओढीने तोटीतून पेट्रोलचे कण उडतात व हवेत मिसळतात. शेजारच्या लहान टाकीतील तरंगता गोळा पेट्रोलची पातळी कायम राखतो. इंजिन जोराने श्वास घेऊ लागले, की पेट्रोलही आपोआप अधिक येते. पुढे अनेक दशके जगातील बहुतेक मोटारी व दुचाक्या याच तत्त्वावर चालल्या. १८९५ साली इंग्रज भांडवलदारांनी डायमलर यांना परत घ्यावे अशी अट घातली, तेव्हा डायमलर व मायबाख दोघेही कंपनीत परतले.

१९०० साल मायबाख यांच्या आयुष्यात दुःख घेऊन आले. ६ मार्चला डायमलर यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रान्समधील नीस येथून ला तुर्बी या डोंगरावर चढण्याच्या शर्यतीत डायमलर गाडीला अपघात झाला आणि चालक विल्हेल्म बाउअर प्राणास मुकला. गाडी उंच होती, आखूड होती आणि तिच्या पुढच्या भागावर अवजड इंजिनाचा भार होता. आता शर्यतींचा नादच सोडावा, असे कंपनीतील काहींना वाटले. परंतु नीस येथे राहणारे व्यापारी एमिल येलिनेक यांनी आग्रह धरला, की दोष शर्यतीचा नसून गाडीचा आहे. त्यांनी ३६ नव्या गाड्यांची मागणी नोंदविली आणि नव्या इंजिनाला आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव द्यावे अशी अट घातली.

मायबाख यांच्यासमोर दोन वाटा होत्या. इंजिन आणखी मोठे करून बळ वाढविता आले असते. पण जड इंजिनानेच एका माणसाचा बळी घेतला होता. मायबाख यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी इंजिन हलके केले आणि त्याचा श्वास मोकळा केला. तोवर आत येणाऱ्या मिश्रणाची झडप दट्ट्याच्या ओढीनेच उघडत असे. म्हणजे दार उघडण्यातच इंजिनाचा अर्धा श्वास खर्ची पडे. त्यांनी ती झडप दांड्यावरील उंचवट्याने, ठरल्या क्षणी उघडेल अशी केली. चार सिलिंडरांना एकाच कार्ब्युरेटरने पुरवठा करण्याऐवजी दोन-दोन सिलिंडरांच्या जोडीला एक, असे दोन कार्ब्युरेटर बसविले. त्यामुळे मिश्रणाची वाट आखूड झाली आणि प्रत्येकाला आपला वाटा मिळू लागला. इंजिन थंड राखण्यासाठी मधाच्या पोळ्यासारखा, ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर केला. गाडी लांब व बुटकी झाली. ५.९ लिटर आकाराच्या त्या इंजिनाने ३५ अश्वशक्ती दिली.

मार्च १९०१ मध्ये नीस येथे पुन्हा शर्यती झाल्या. त्याच ला तुर्बीच्या चढणीवर पूर्वी सरासरी ताशी ३१ किलोमीटर एवढा विक्रम होता. विल्हेल्म वेर्नर याने मर्सिडीज गाडी ताशी ५१ किलोमीटर वेगाने वर नेली. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना महबूब घाटात भरलेला ट्रक कसा कण्हत चढतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चढणीवरील या वेगाचे मोल सहज कळेल.

आजही शर्यतीच्या मोटारींचे कारागीर याच वाटेने जातात. हवा ज्या फाट्याफाट्यांच्या नळीतून सिलिंडरांत शिरते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. कुशल कारागीर तिची वळणे सौम्य करतात, सर्व फाटे शक्यतो सारख्या लांबीचे ठेवतात आणि सांध्यांची तोंडे तंतोतंत जुळवितात. लांब व अरुंद नळी कमी फेऱ्यांत जोर देते. आखूड व रुंद नळी जास्त फेऱ्यांत. एकीचा लाभ घ्यावा तर दुसरीचा थोडा सोडावा लागतो. शिवाय नुसती हवा वाढवून भागत नाही. त्या मानाने पेट्रोल वाढले नाही, तर मिश्रण विरळ होऊन इंजिन वाजवीपेक्षा तापते आणि दट्ट्या जळतो. हवा आणि इंधन यांचा तोल राखणे, हाच या विद्येचा गाभा आहे.

मायबाख यांना यशाची फळे मात्र पुरती चाखता आली नाहीत. डायमलर यांच्या पश्चात कंपनीत त्यांना बाजूला सारण्यात आले आणि १९०७ साली, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांनी ती सोडली. ज्या गाडीने त्यांची बुद्धी जगाला दाखविली, तिच्यावर नाव होते एका व्यापाऱ्याच्या मुलीचे! ते खचले नाहीत. १९०९ साली झेपेलिन यांच्या आकाशनौकांसाठी इंजिने बनविण्याचा कारखाना निघाला. त्याची धुरा पुत्र कार्ल यांनी वाहिली आणि वडिलांचा अनुभव पाठीशी राहिला. १९१६ साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने मायबाख यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. २९ डिसेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. कानस्टाटच्या दफनभूमीत डायमलर यांच्या समाधीनजीकच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्या कार्याचा धागा आपल्या देशापर्यंतही पोहोचला. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डायमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि १९६९ पर्यंत तिच्या सहकार्याने बनलेल्या मालमोटारी भारतभरच्या हमरस्त्यांवर धावल्या. २०२० पासून आपल्या देशातील बहुतेक नव्या दुचाक्यांत कार्ब्युरेटरची जागा विजेच्या नियंत्रणाने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. साधन बदलले, प्रश्न तोच आहे.

विद्यार्थी मित्रहो, अनाथालयातील एका मुलाचा हात चित्रात चालतो, हे एका गुरुजनाने पाहिले आणि त्याला पेन्सिल व कागद दिला. एवढ्यानेच त्याची बुद्धी मोकळा श्वास घेऊ लागली. पुढील वाट त्याने संध्याकाळच्या शाळेतून, दिवसाच्या श्रमातून स्वतः काढली. नाव कोणाचे लागते याची चिंता न करता काम निर्दोष करण्याचा ध्यास ज्याने घेतला, त्याचे काम त्याच्या मागेही चालत राहते. आपल्या गावच्या एखाद्या गॅरेजमध्ये काळवंडलेल्या हातांनी काम करणारा मुलगा दिसला, तर त्याला कमी लेखू नका. त्याला शाळेचा एक तास आणि एक चांगले पुस्तक मिळाले, तर त्याच्या हातून काय घडेल, हे कोणी सांगावे!