अलेक्झांडर गिब्सन
अलेक्झांडर गिब्सन (इ.स. १८०० – इ.स. १८६७) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत ते भारतात आले. दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि इ.स. १८४७ ते १८६० या काळात वनसंरक्षकपद सांभाळले. पश्चिम भारतात वृक्षतोडीला सरकारी नियमांच्या चौकटीत आणण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाले.

प्रारंभिक जीवन
गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायर परगण्यात झाला. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते कंपनीच्या सेवेत दाखल झाले. भारतात त्यांनी हिंदुस्तानी, मराठी आणि गुजराती या भाषा आत्मसात केल्या. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या खात्यात त्यांची नेमणूक झाली होती. या कामामुळे गावोगाव फिरण्याची आणि तेथील वनस्पती, शेती व पाण्याची स्थिती जवळून पाहण्याची संधी त्यांना मिळाली.

वनस्पती उद्यान
इ.स. १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षकपद त्यांच्याकडे आले. जुन्नर भागातील हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली एक बाग होती. या बागांत औषधी वनस्पतींची लागवड होत असे. दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची चित्रे गिब्सन यांनी एका भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. हा चित्रसंग्रह आज एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेला आहे. चित्रकाराचे नाव मात्र अज्ञात राहिले.

वनसंरक्षकपद
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सह्याद्री आणि कोकणातील सागाला मोठी मागणी होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी तज्ज्ञ सागवानी युद्धनौका बांधत असत. इ.स. १८१७ मध्ये तेथे बांधलेली ‘त्रिंकोमली’ ही नौका इंग्लंडमध्ये अजूनही अस्तित्वात आहे. शहरांतील इमारती आणि सरपण यांसाठीही जंगले तोडली जात होती. इ.स. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाल्यानंतर स्लीपरसाठी लागणाऱ्या लाकडाची त्यात भर पडली.

अशा परिस्थितीत गिब्सन यांच्यावर परस्परांना छेद देणाऱ्या दोन जबाबदाऱ्या होत्या: सरकारला लाकूड मिळत राहावे आणि जंगलही टिकावे. वृक्षतोडीचा प्रश्न केवळ लाकडाच्या टंचाईचा नाही, असे त्यांचे मत होते. डोंगर उघडे पडल्यास झरे आटतात, पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून जाते आणि खाड्या गाळाने भरतात, याकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले. तीव्र उतारावरील जंगल तोडून व जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीला त्यांचा विरोध होता.

या विचाराचा संबंध त्या काळच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याशीही पोहोचतो. जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे, तर प्रवरा आणि मुळा या नद्या पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावतात. माथ्यावरील जंगल आणि खालच्या शेतीचे पाणी यांचा संबंध येथे स्पष्टपणे दिसतो.

तोडीची पद्धत
गिब्सन यांच्या काळात झाडे कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या आऱ्याने पाडली जात. झाड ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूला आधी खाच घेतली जाते आणि नंतर विरुद्ध बाजूने कापले जाते. मध्ये न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी काम करते व झाडाची दिशा सांभाळते. ही पट्टी आधीच तुटली, तर झाड भलतीकडे कोसळून तोडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. बुंधा उभा चिरला, तर किमती लाकूड वाया जाते. साग जमिनीलगत आणि स्वच्छ कापल्यास खोडाच्या तळातून नवे फुटवे येऊ शकतात. चेनसॉ या यांत्रिक करवतीने झाड पाडतानाही खाच, बिजागरी आणि मागचा काप हाच क्रम पाळला जातो. फरक वेगाचा आहे. कुऱ्हाडीला तासन् तास लागत असलेले काम आता काही मिनिटांत होते. त्यामुळे कोणते झाड तोडावे आणि कोणते राखावे, हा गिब्सन यांच्या काळातील प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे.

लेखन
निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्यासह गिब्सन यांनी लिहिलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ इ.स. १८६१ मध्ये प्रकाशित झाला. मुंबई इलाख्यातील जंगलांवरील त्यांची पुस्तिकाही प्रसिद्ध आहे. ‘हॅबेनारिया गिब्सनी’ या जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा आणि टीका
इ.स. १८६० मध्ये गिब्सन पदावरून निवृत्त झाले. त्यांच्यानंतर डाल्झेल यांनी हे काम पुढे नेले. इ.स. १८५५ मध्ये लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत वनधोरण जाहीर झाले, इ.स. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि इ.स. १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. मुंबई इलाख्यातील प्रयोग या सर्वांच्या आधीचा होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही अभ्यासक मांडतात. डोंगराळ भागातील महादेव कोळी, ठाकर आदी समाजांचे जीवन सरपण, चराई आणि डोंगरउतारावरील शेती यांवर अवलंबून होते. जंगलावर सरकारी हक्क प्रस्थापित होत गेला, तसतसा त्यांचा वापर गुन्हा ठरू लागला. जहाजे आणि रेल्वेसाठी मात्र तोड चालूच राहिली. महात्मा जोतीराव फुले यांनी इ.स. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्यामुळे शेतकऱ्यांवर झालेल्या अन्यायावर टीका केली आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू झाला. त्यानुसार साग व इतर अनुसूचित वृक्ष खासगी जमिनीवर असले, तरी ते तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते. अकोले तालुक्यातील जंगलांचा मोठा भाग इ.स. १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात समाविष्ट आहे.